टीबीच्या पेशंटशी बोलायचं तरी काय? (नाशिककर, मदत करा)

गोदाकाठची | सोमवार, रात्री ९:४५

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि पाककृतीचा नाहीये त्यामुळे आधीच सॉरी.

जुन्या लोकांना माहितीये, मला २०१९ मध्ये टीबी झाला होता, फुफ्फुसाचा. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाले, आता पांडवलेणी न थांबता चढते. नंतर 'टीबी चॅम्पियन'चं ट्रेनिंग घेतलं, म्हणजे ज्यांना होऊन गेलाय त्यांनी नव्या पेशंटला भेटायचं, बोलायचं. आठवड्यातले दोन दिवस अंबड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत आशाताईंबरोबर फिरते.

तर येत्या गुरुवारी संध्याकाळी वस्तीत बैठक आहे, मला वीस मिनिटं दिलीत. माझ्याकडे चित्रांचा तक्ता आहे, त्यावर दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम, सगळं लिहिलंय. मी वाचून दाखवते, लोक माना डोलावतात, चहा पितात, जातात. काही आत जात नाही हे मला पाचव्या मिनिटाला कळतं.

दोन घरांबद्दल सांगते, ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील फिरवलेत. एक दादा आहेत, पॅकिंगच्या कामाला. दोन महिने गोळ्या अगदी नियमित, खोकला गेला, भूक आली, चार किलो वजन वाढलं. परवा गेले तर स्ट्रिप दाखवायला टाळाटाळ. शेवटी बायकोने आणून दिली तर तीन आठवड्यांपूर्वी दिलेली स्ट्रिप, न फोडलेली. म्हणे बरा झालो ना ताई, मग कशाला उगाच गरम औषध पोटात घालू.

दुसरी एक सून. गोळ्या नागलीच्या पिठाच्या डब्यात, अगदी तळाशी, पिशवीत गुंडाळून. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं, पिठात कोपरापर्यंत हात घालायचा, गोळ्या काढायच्या, भिंतीकडे तोंड करून गिळायच्या. नवऱ्याला अर्धवट माहितीये, सासूला अजिबात नाही. एकच खोली, एकच खिडकी, आणि तिच्यापुढे लोखंडी कपाट.

ह्या दोघांना मी काय सांगायचं? तक्त्यावर ह्याचं उत्तर नाहीये. म्हणून विचारतेय, तुम्हाला किंवा घरात कुणाला झाला असेल तर त्या वेळी कुणीतरी काय सांगायला हवं होतं जे सांगितलं नाही? तेवढंच लिहा.

---

सिडकोकर | सोमवार, रात्री १०:१०

लघवी!!! हसू नका कोणी. पहिल्या दिवशी सकाळी गोळ्या घेतल्या, कंपनीत गेलो, दहा वाजता बाथरूमला गेलो तर लघवी भगवी. मला वाटलं रक्त. घामाघूम झालो, सुपरवायझरला पोटात दुखतंय सांगून घरी आलो आणि तीन दिवस गोळ्यांना हात नाही लावला. बायकोलापण सांगितलं नाही, म्हटलं किडनी गेली आता. चौथ्या दिवशी दवाखान्यातल्या ताईंचा फोन आला तेव्हा भीत भीत सांगितलं तर त्या म्हणाल्या अहो दादा औषधाचा रंग आहे तो, सगळ्यांना होतं. अरे मग आधी सांगा ना! गोळ्या देताना एक वाक्य बोलायला काय जातं, तीन दिवस मेलेल्यासारखे काढले मी.

---

औषधीबाबा | सोमवार, रात्री १०:३२

सिडकोकर +१००. मी एमबीबीएस आहे, पंधरा वर्षं प्रॅक्टिस करतोय, आणि हे वाक्य मीसुद्धा अनेकदा गर्दीत विसरलोय हे कबूल करतो. तो रिफाम्पिसिन ह्या टीबीच्या औषधाचा रंग असतो, लघवीला येतो, घामाला येतो, डोळ्यांच्या पाण्यालासुद्धा येतो. निरुपद्रवी. उलट मी पेशंटला म्हणतो की रंग दिसला म्हणजे औषध अंगात गेलं.

गोदाकाठची, तुमच्या त्या दादांसाठी: पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत असतात, पुढचे चार महिने त्यातली तीन. गोळ्या किती हे वजनावर ठरतं, ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ ला ४. हे वस्तीत मुद्दाम सांगा कारण 'शेजारणीला तीन आणि मला चार का, माझा जास्त आहे का' हा प्रश्न हमखास असतो आणि कोणी मोठ्याने विचारत नाही.

बरं वाटतं दीड-दोन महिन्यांत कारण भराभर वाढणारे जंतू पहिल्या झपाट्यात मरतात. मागे राहतात ते सुस्त पडलेले, त्यांच्यासाठी पुढचे चार महिने. मध्येच सोडलं की तेच उठतात, आणि औषधाला न जुमानणारे त्यातूनच पुढे येऊ शकतात.

---

गोदाकाठची | सोमवार, रात्री १०:५०

डॉक्टर, तुमचं बरोबर आहे पण 'सुस्त जंतू' त्या दादांना सांगून झालंय माझं. ते म्हणाले, झोपलेत तर झोपू द्या ना ताई.

---

औषधीबाबा | सोमवार, रात्री १०:५३

😂 हरलो.

---

पिंपळगावचा_बागाईतदार | मंगळवार, सकाळी ६:२०

बागेत पाणी सोडून बसलोय म्हणून लिहितो. ताई त्या दादांना तण सांगा. नांगरट केली की रान साफ दिसतं पण हराळीची काशी खाली राहिली तर पंधरा दिवसात परत डोकं वर काढते, आणि दर वेळी अर्धवट औषध मारलं की पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. हे आम्ही द्राक्षावरच्या भुरीच्या (बुरशीचा रोग) औषधातपण बघतो, तेच तेच औषध कमी मात्रेत मारत राहिलं की एक दिवस ते पाण्यासारखं होतं. तुमचे कामगार लोक निम्मे तरी शेतातलेच असतील मूळचे, त्यांना हे लगेच कळेल.

आता माझं सांगतो. माझ्याकडे दरवर्षी पेठ सुरगाण्याकडून टोळी येते, ऑक्टोबर छाटणीपासून ते माल निघेपर्यंत बागेतच राहतात. चार पाच वर्षांपूर्वी त्यातला एक जण फार खोकायचा. कोणीतरी म्हणालं ह्याला टीबी आहे, डॉटच्या, म्हणजे टीबीच्या सरकारी, गोळ्या चालूत. मी काय केलं, हिशोब केला, वर हजार रुपये दिले आणि गावाला पाठवून दिलं. मला वाटलं मी फार चांगला वागलो, हजार वर दिले. नंतर कळलं त्याच्या गोळ्या आमच्याकडच्या दवाखान्यातून मिळत होत्या, गावाकडे गेल्यावर महिनाभर त्याने काही घेतलंच नाही. पुढचं माहीत नाही, तो परत आला नाही कधी. मला कोणी सांगितलं असतं की ह्याला काढायची गरज नाही तर ठेवला असता. खरंच ठेवला असता की नाही देव जाणे पण विचार तरी केला असता.

---

आशाचा_पोरगा | मंगळवार, सकाळी ८:०५

बागाईतदार काका, लिहिलंत हे बरं केलंत. आमची आई पेठ तालुक्यात आशा आहे, तिचं डोकं ह्यानेच उठतं. दिवाळीच्या आधी निम्मं गाव खाली उतरतं, निफाड, दिंडोरी, काही गुजरातकडे, आणि गोळ्या चालू असलेला माणूस न सांगता जातो. खरं तर प्रत्येक पेशंटचा निक्षय (सरकारची टीबी पेशंटची ऑनलाइन नोंद) नंबर असतो, तो दाखवला की देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यातून औषध पुढे चालू करता येतं. पण माणसाला माहीतच नसतं की आपला नंबर आहे. आईने आता एक केलंय, ती त्यांच्या मोबाईलच्या कव्हरच्या आत चिठ्ठी घालून देते, नंबर आणि गोळ्या किती त्या. कागद हरवतो, मोबाईल हरवत नाही म्हणते.

दुसरं, बेडका! गोदाकाठची ताई हे बैठकीत नक्की घ्या. तपासणीसाठी डबी देतात, लोक त्यात थुंकी भरून देतात, पांढरी पातळ. त्यात काय सापडणार, रिपोर्ट निल येतो आणि माणूस खोकत गावभर फिरतो. आई अंगणात उभी राहून करून दाखवते. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायची, लांब श्वास दोनतीनदा, मग पोटातून खोकायचं, आतून येतो तो घट्ट बेडका. आणि उघड्यावर जाऊन, घरात नाही. तिला आधी लाज वाटायची, आता पोरंपण तिची नक्कल करतात गावात. एक डबी लगेच आणि एक सकाळची, अशा दोन घेतात आमच्याकडे. सीबीनॅट मशीनवर दोनेक तासांत कळतं आणि रिफाम्पिसिन लागू पडणार की नाही तेपण त्यातच कळतं.

आणि भगत. शहरातले लोक भगत म्हटलं की नाक मुरडतात, आईपण आधी भांडायची. आता ती सरळ त्यांच्याकडे जाऊन बसते, म्हणते बाबा तुमचं काय ते तुम्ही करा, पण पंधरा दिवसांच्या वर खोकणारा आला की माझ्याकडेपण धाडा. एक भगत तर स्वतः पेशंट घेऊन आला होता. त्याच्याकडे माणूस आधी जातो हे खरंय, मग तोच आपला का नाही?

---

खरं_ते_बोलतो | मंगळवार, सकाळी ११:१५

सगळे फार भावुक झालेत. मूळ मुद्दा असा की फुकटच्या गोळ्यांत दम नसतो. माझ्या मेव्हण्याने प्रायव्हेटमध्ये औषध घेतलं, खणखणीत बरा झाला. आणि दर २४ मार्चला शाळेच्या पोरांना उन्हात फलक देऊन फिरवायचं, ह्याने टीबी जातो का?

---

औषधीबाबा | मंगळवार, दुपारी २:४०

रॅलीबद्दल तुमच्याशी सहमत आहे, हे लिहून ठेवा कुठेतरी. १८८२ साली २४ मार्चला रॉबर्ट कॉखने हा जंतू सापडल्याचं जाहीर केलं म्हणून तो दिवस, पण फलक बघून कोणाची गोळी चालू झालेली मी पाहिलेली नाही.

गोळ्यांबद्दल मात्र नाही. औषधं तीच आहेत, रिफाम्पिसिन सरकारी आणि खाजगी असं वेगळं नसतं. उलट खाजगीत काही वेळा चार औषधं सुटी सुटी लिहून दिली जातात आणि पैसे संपले की पेशंट त्यातली महागडी गोळी आधी बंद करतो, हे फार वाईट. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, त्यामुळे मेव्हणेसुद्धा निक्षयवर असायला हवेत. आणि खाजगीत दाखवलं तरी सरकारी गोळ्या मोफत मिळू शकतात, डॉक्टरांना विचारा फक्त.

जुन्या लोकांच्या डोक्यात अजून आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन समोर गिळायच्या त्या गोळ्या आहेत. ते बदललं, २०१७ पासून हळूहळू सगळीकडे रोजच्या गोळ्या आल्या.

---

वाड्यातली_आजी | मंगळवार, दुपारी ३:३०

मुलांनो, माझ्या सासऱ्यांना झाला होता तेव्हा वर्ष दीड वर्ष औषध आणि इंजेक्शनं. पंचवटीतला वाडा. मागच्या पडवीत त्यांची खाट, त्यांचा पेला, त्यांची ताटली खिळ्याला टांगलेली. नातवंडांनी पडवीची पायरी चढायची नाही. ते बरे झाले, पुढे वीस वर्षं जगले, पण पेला खिळ्यालाच राहिला. कुणी म्हटलंच नाही की आता काढा. ते गेल्यावर मीच काढला.

तेव्हा आम्हांला काय सांगायला हवं होतं विचारतेस ना, हेच. पेला कधी काढायचा ते.

---

औषधीबाबा | मंगळवार, दुपारी ३:५२

आजी 🙏

पेला टांगायचीच गरज नव्हती. टीबी हवेतून पसरतो, खोकला, शिंक, मोठ्याने बोलणं ह्यातून. ताटवाटी, कपडे, एका माठातलं पाणी ह्यातून नाही. लागण होते ती बंद खोलीत तासन्‌तास एकत्र राहिल्याने. म्हणजे आपण ताट वेगळं करतो आणि खिडकी बंद ठेवतो, नेमकं उलटं. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला द्यायची शक्यता खूप कमी होते. तोवर तोंडाला रुमाल किंवा मास्क, झोपायला जमेल तशी हवेशीर जागा, बेडका झाकणाच्या डब्यात. बागाईतदार, तुमच्या त्या गड्याच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या, तुमच्या बागेपेक्षा हवेशीर जागा त्याला कुठे मिळणार होती?

---

पिंपळगावचा_बागाईतदार | मंगळवार, रात्री ८:१५

हो. तेच दिवसभर डोक्यात आहे.

---

नको_ते_नाव | मंगळवार, रात्री ११:४८

नवीन आयडी काढलाय, मूळ आयडीने इथे सगळे ओळखतात. वय २६, लग्नाला आठ महिने झाले, मानेला गाठ आली, सुईने तपासलं, टीबी निघाला. नवऱ्याला माहितीये. तो म्हणतो आईला सांगू नको. मी गोळ्या पर्समध्ये ठेवते, ऑफिसला पोचल्यावर घेते. रविवारी प्रॉब्लेम होतो, मग देवळात जाते म्हणून बाहेर पडते. चौथा आठवडा चालू आहे आणि गाठ कमी व्हायच्या ऐवजी मोठी झालीये असं वाटतंय, मला वाटतंय औषध लागूच पडत नाहीये, सोडून द्यावं का? कोणाला विचारणार म्हणून इथे.

---

गोदाकाठची | बुधवार, पहाटे ५:३०

अगं सोडू नकोस. आधी हे वाचलंस की एक गोळी घे मग बाकीचं वाच. डॉक्टर येतीलच, पण मला ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं होतं, गाठीच्या टीबीत औषध चालू असताना गाठ आधी थोडी सुजू शकते. म्हणजे औषध वाया चाललंय असं नाही.

सासूबाईंना सांगायचं की नाही हे मी ठरवणार नाही, तुझं तू ठरव. पण सोमवार ते शनिवार तुला लपवायला जी ताकद लागते ना, ती मला माहितीये. मी स्वतः तीन महिने सोसायटीत 'अ‍ॅनिमिया' सांगत होते.

---

औषधीबाबा | बुधवार, सकाळी ७:१०

ताई, गोदाकाठची म्हणतात ते बरोबर. गाठ वाढणं हे उपचारात होऊ शकतं, कधी कधी गाठ पूर्ण जातही नाही, छोटी राहते. पण तुमची गाठ बघितल्याशिवाय मी 'हे तेच आहे' म्हणणार नाही, ह्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, गोळ्या चालू ठेवून.

फक्त मानेच्या गाठीचा टीबी, फुफ्फुसात काही नसेल तर, दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे घरात कोणाला धोका म्हणून सांगावं लागेल असं काही नाही, हे ओझं तरी उतरवा.

अजून एक, लग्नाला आठ महिने म्हणालात म्हणून. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही. दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवा. हे पुरुष डॉक्टर सांगायला लाजतात आणि बायका विचारायला.

आता कधी धावत यायचं ते सगळ्यांसाठीच लिहितो. मळमळ, तोंडाची चव जाणं, सांधे दुखणं, हे बऱ्याच जणांना होतं, लोक त्यालाच 'गरम पडलं' म्हणतात, सांगितलं की उपाय आहेत, गोळी थोडं खाऊनही घेता येते. तळपायाला मुंग्या आल्या तर सांगा, बी ६ ची गोळी देतात. पण डोळे किंवा अंग पिवळं पडलं, उलट्या थांबत नाहीत, नजर धूसर झाली किंवा लाल हिरवा रंग ओळखू येईना, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. शुगर असेल तर तीही तपासा, मधुमेहात टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो आणि शुगर चढलेली असेल तर टीबीही हट्टी होतो.

---

नको_ते_नाव | बुधवार, सकाळी ९:२०

घेतली गोळी. ऑफिसला पोचले. शुक्रवारची वेळ घेतलीये. थँक्यू दोघांनाही, रडायला आलं बसमध्ये.

---

सातपूरची_मेस | बुधवार, दुपारी १२:३०

मेस चालवते, माझ्याकडे जेवणारा एक मुलगा पेशंट होता म्हणून थोडं माहीत आहे. पैशांचं कोणी लिहिलं नाही. पेशंटच्या खात्यात पोषण आहाराचे पैसे येतात, २०१८ ला महिना ५०० चालू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. ह्या पोराचे येईनात, पाच महिने. खातं होतं पण आधार जोडलेलं नव्हतं आणि ते कोणी सांगेना, ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. पैसे आले तेव्हा कोर्स संपत आला होता. खायची वेळ गेल्यावर खायचे पैसे!

बैठकीत हे सांगा की पहिल्याच दिवशी पासबुक दाखवा. आणि खायचं काय तर कोणी सफरचंद आणि डब्यातली पावडर सांगत बसतात, कामगाराने कुठून आणायची. मी त्याला रोज एक अंडं, मूठभर शेंगदाणे, उसळ आणि नागलीची भाकरी असं लावलं होतं. आला तेव्हा ४१ किलो होता, गेला तेव्हा ४९.

---

औषधीबाबा | बुधवार, दुपारी १:०५

मेसवाल्या ताई, तुम्हाला नमस्कार. झारखंडमध्ये नेमका हाच प्रयोग झाला, पेशंटच्या घरच्यांनाही धान्य, डाळ वगैरे जास्तीचं दिलं. २०२३ मध्ये तो लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. नुसत्या जेवणाने.

---

सिडकोकर | बुधवार, दुपारी १:३०

दारूचं कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलतो. मी प्यायचो. पहिल्याच दिवशी एका साहेबांनी सांगितलं दारू सोडली तरच गोळ्या चालू करू, नाहीतर लिव्हर जाईल. मग मी काय केलं, शनिवारी प्यायलो की शनिवार रविवार गोळी नाही. म्हणजे दोन्ही एकत्र नको म्हणून गोळीला सुट्टी. मला ते फार शहाणपणाचं वाटत होतं. फोनवाल्या ताईंना एकदा खरं सांगितलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दादा गोळीला सुट्टी नाही द्यायची, द्यायची तर बाटलीला, आणि प्यायलात तरी मला खरं सांगा. मी तिला खोटं नाही बोलू शकलो मग. दोनदा घसरलो, दोनदा सांगितलं, तिने दोन्हीदा लिव्हरची तपासणी करायला लावली. कोर्स पूर्ण झाला. दारू पूर्ण सुटली असं म्हणणार नाही.

---

गोदाकाठची | शुक्रवार, रात्री १०:२०

बैठक झाली काल. सांगते.

तक्ता नेलाच नाही. एका पाण्याच्या बाटलीत भगवा रंग कालवून नेला, खाली बसले आणि बाटली मध्ये ठेवली. म्हटलं ही माझी लघवी, २०१९ ची. आधी शांतता, मग मागून एक बाई खुदकन हसली, मग सगळेच. त्यानंतर वीस मिनिटांची बैठक सव्वा तास चालली. आशाचा_पोरगा, बेडका कसा काढायचा ते करून दाखवलं, तुझ्या आईइतकं जमलं नसेल, पण दोन जणांनी तिथेच डबी मागून घेतली. आजी, तुमच्या पेल्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता. बायका बराच वेळ गप्प होत्या.

कामगारांचा मुकादम आला होता, त्याने विचारलं ह्यांना कामावर घेतलं तर मला काय होईल. बागाईतदार, तुमचं मी जसंच्या तसं सांगितलं. तो काही बोलला नाही, पण जाताना १८००११६६६६ हा टीबी हेल्पलाइनचा फुकटचा नंबर मोबाईलमध्ये घालून घेतला.

पॅकिंगवाले दादा शेवटच्या रांगेत होते. हराळीचं सांगितल्यावर मान खाली घातली. आज सकाळी घरी गेले तर ते म्हणाले आता चालू करतो. पण इतका खंड पडल्यावर आपल्या मनाने चालू करायचं नसतं, म्हणून त्यांना दवाखान्यात घेऊन गेले, बेडका दिलाय, मशीनवर लावलाय. रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा, निघू नये एवढंच. निघालाच तर त्यालाही आता सहा महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स आलाय, पूर्वीसारखी महिनोन्‌महिने इंजेक्शनं नाहीत, पण तरी.

---

सातपूरची_मेस | शनिवार, सकाळी ८:००

आणि नागलीच्या डब्याचं?

---

गोदाकाठची | पुढचा गुरुवार, रात्री ९:००

मुद्दाम थांबले होते लिहायची.

सासूबाईंना सापडला डबा. रविवारी पाहुणे येणार म्हणून पीठ काढायला गेल्या. मग जे व्हायचं ते झालं, 'माझ्या घरात आणलास', 'माहेरून घेऊन आलीस', ताट वेगळं, अंथरूण दाराजवळ. सुनेने मला मिस कॉल दिला. मी आणि आशाताई दुसऱ्या दिवशी गेलो. मी सासूबाईंशी भांडायला गेले नव्हते हे आधीच ठरवलं होतं, नुसतं विचारलं की मावशी घरात आणखी कोण खोकतं. म्हणाल्या कोणी नाही. मग थांबून म्हणाल्या, पोरगा खोकतो, पण तो तंबाखूचा खोकला, वर्ष झालं.

घरातल्या सगळ्यांची तपासणी तशीही करायचीच असते. पोराने बेडका द्यायला दोन दिवस लावले. काल रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. एक वर्षाचा खोकला म्हणजे आधी कोणाला झाला, कोणाकडून आला हे आता सांगता येत नाही, आणि मी ते सांगितलंही नाही. त्यांनीच बोटांवर महिने मोजले, लग्न कधी झालं, खोकला कधीचा. मोजून झाल्यावर बराच वेळ नुसत्या बसून होत्या. त्यांची स्वतःची शुगरही वाढलेली निघालीये, एक्सरे मात्र साफ आहे, त्यांना प्रतिबंधक गोळ्यांचं सांगितलंय.

आम्ही निघताना त्यांनी दारातच विचारलं, मग आता ताट कोणाचं वेगळं करू?

मी म्हटलं कोणाचंच नको मावशी, ते कपाट सरकवू. चौघांनी मिळून सरकवलं, फार जड होतं, मागे खिडकीच्या गजांना कोळ्याची जाळी आणि एक जुना कंगवा सापडला. खिडकी एका बाजूने अडकलीये, उघडत नाही. उद्या सुतार येतोय.